त्रास आमचा, मोकळीक मुलांची?

‘आमचं काय, आम्ही खाऊ धक्के. पोरं तरी मोकळ्या हवेत वाढतील.’

बदलापूरच्या पुढं घर बघायला निघालेल्या तरुण जोडप्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. सासूबाईंची समजूत काढताना, ऑफिसात पेढे वाटताना, कर्जाच्या कागदांवर सह्या करून बाहेर पडताना ते म्हटलं जातं, आणि ऐकणाऱ्याला त्या आईबापांचं कौतुक वाटतं. २०१५च्या जूनमध्ये लालबागची दहा बाय अठराची खोली सोडून आम्ही नेरळला आलो, तेव्हा मीही ते म्हटलं होतं, आणि अगदी मनापासून म्हटलं होतं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. आज मला त्याच वाक्याचं खंडन करायचं आहे. मी अजूनही नेरळलाच राहते हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शहराची कड घेऊन गावाला नावं ठेवणाऱ्यांत कुणी मला धरायला नको.

आपल्याकडे वादाची एक चांगली रीत होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की प्रतिपक्षानं मान डोलवावी. ती रीत पाळायची तर कबूल करायला हवं की या वाक्यामागचा पूर्वपक्ष दुबळा नाही.

दहा बाय अठराच्या खोलीत रांगणाऱ्या मुलाच्या वाट्याला येते ती मोरीपासून कपाटापर्यंतची जमीन. खाली उतरावं तर रस्ता आणि त्यावर उभ्या गाड्या. मुलांच्या डोळ्यांचं उदाहरण घ्या. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांवर तीन वर्षांचा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीचा मैदानी तास ठेवला, बाकीच्या शाळांत नेहमीचंच वेळापत्रक. नेहमीच्या वेळापत्रकाच्या मुलांत सुमारे ३९.५ टक्क्यांना नव्यानं लांबचं कमी दिसू लागलं. मैदानी तास मिळालेल्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होतं. केवळ उघड्यावर, उजेडात राहण्यानं एवढा फरक पडत असेल, तर मैदानासाठी गाव बदलणाऱ्या आईबापांना खुळं कोण म्हणेल?

इतिहासही पूर्वपक्षाच्या बाजूनं उभा करता येतो. १८९६च्या प्लेगनं मुंबईच्या कोंदट वस्त्यांची दैना जगासमोर आणली. त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. आज ज्या दादरला ‘मुंबईचं काळीज’ म्हणतात, ते तेव्हा गावाबाहेरचंच होतं. त्याच सुमारास, १८९८ मध्येच, एबनेझर हॉवर्ड या इंग्रज गृहस्थानं उद्याननगरीची कल्पना मांडली. शहराची कमाई आणि खेड्याची हवा, दोन्ही एका जागी. मग कुणी विचारेल, दादर जसं कालांतरानं जवळचं झालं तसं नेरळही होईल, यात चुकलं काय?

पूर्वपक्ष इथं संपला. उत्तर हॉवर्डपासूनच सुरू करते, कारण त्याचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं आणि त्याचं म्हणणं सर्वांत कमी ध्यानात घेतलं जातं. त्याच्या उद्याननगरीत कारखाने होते, शेती होती, बाजार होता. तिथं राहणाऱ्यानं तिथंच काम करावं, हा त्या कल्पनेचा कणा होता. १९०३ साली लेचवर्थ वसवलं गेलं तेही याच हिशेबानं. रोज सकाळी लंडनला जाऊन रात्री झोपायला परत येणाऱ्यांची वस्ती त्याला उभी करायचीच नव्हती. दादर-माटुंग्याचंही तेच. तिथून परळ-लालबागच्या गिरण्या पायी गाठता येत होत्या आणि फोर्टच्या कचेऱ्यांना जायला ट्राम-लोकल होती. घर हललं ते कामाच्या टप्प्यातच. नव्या मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५च्या सुमारास मांडली, तेव्हाही नुसती घरं पलीकडे नेऊन भागणार नाही, नोकऱ्याही गेल्या पाहिजेत, सरकारी कचेऱ्याही गेल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. १९७० साली सिडको आली, घरं झाली, पण मंत्रालय होतं तिथंच राहिलं. तेव्हा गावाबाहेर राहायला जाण्याचा ज्यांनी खरोखर विचार केला, त्यांच्यापैकी कुणीही ‘घर तिकडे, काम इकडे’ याला आदर्श म्हटलेलं नाही. ती जोड आपण बसवली आणि तिला मुलांचं नाव दिलं.

आपल्या घरात डोकावलं तर याहून जवळचा दाखला सापडतो. माझे आजेसासरे गिरणीत होते. ते खानावळीत जेवायचे, गाळ्यात बारा जणांबरोबर झोपायचे. आजेसासूबाई आणि मुलं रत्नागिरीकडच्या गावी. शिमग्याला आणि गणपतीला भेट, बाकी वर्षभर मनीऑर्डर. कोकणातल्या हजारो घरांची ही कहाणी आहे. त्या मुलांना हवा मिळाली, अंगण मिळालं, विहीर, आमराई, सगळं मिळालं. तरीही त्या पिढीतल्या कुणाला मी ‘आमचे वडील मुंबईला राहिले हे आमच्या भल्याचं झालं’ असं म्हणताना ऐकलेलं नाही. पोटासाठी सोसलं, असंच ते म्हणतात. चाकरमानी या शब्दाला ते सोसणं चिकटलेलं आहे. नेरळचं घर घेऊन मी आणि माझा नवरा, दोघंही चाकरमानी झालो. फरक एवढाच की वर्षातून दोनदा घरी येण्याऐवजी आम्ही रोज रात्री यायचो.

आता किलोमीटर आणि तास. सीएसएमटीपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर, वांगणी ७९, शेलू ८३, नेरळ ८७, भिवपुरी रोड ९३ आणि कर्जत १००. माझं ऑफिस दादरला होतं. सकाळी सातला घर सोडायचं, नऊच्या सुमारास दादर, दहा-पंधरा मिनिटांत टेबलावर. सहाला निघायचं, आठ-सव्वाआठला घर. जाऊन-येऊन चार तास वीस मिनिटं, तीही गाडी वेळेवर असेल तर. बदलापूरच्या पुढं गाड्या कमी. एक चुकली की अर्धा-पाऊण तास फलाटावर. लालबागहून हाच प्रवास जाऊन-येऊन पन्नास मिनिटांचा होता. म्हणजे रोजचे साडेतीन तास वाढले. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर ८७५ तास. मी चार वर्षं तो प्रवास केला. ३,५०० तास झाले, म्हणजे जवळपास १४५ दिवस आणि १४५ रात्री.

घर स्वस्त मिळालं, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. स्वस्त का मिळालं, हे कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. बाजारपेठेपासून जमीन जसजशी लांब, तसतसा तिचा भाव कमी, हे फोन थ्यूनेन या जर्मन जमीनदारानं १८२६ सालीच मांडलं होतं, आणि १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यांनी तोच विचार शहरांना लावला. भावातली घट ही प्रवासाची भरपाई असते, असं हा सिद्धांत सांगतो. लांबचा माणूस वेळ देतो आणि मोठी खोली घेतो. दोन्ही पारडी सारखी. कागदावर हे चोख आहे. पण आलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मन कुटुंबांची वर्षानुवर्षांची माहिती तपासून २००८ साली दाखवलं की पारडी सारखी होत नाहीत. ज्यांचा प्रवास लांबचा, ते आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. मोठं घर आणि जास्त पगार मिळूनही ती तूट भरून निघत नाही. घर घेताना माणूस डोळ्यांसमोरच्या भिंती मोजतो. फलाटावरचा तास भिंतीसारखा दिसत नाही, म्हणून तो हिशेबातून निसटतो.

पण हाही मोठ्यांच्याच सुखदुःखाचा हिशेब झाला, आणि ‘आम्ही सोसू’ म्हणणारे आईबाप तो सहज बाजूला सारतील. माझा खरा आक्षेप त्या वाक्यात दडलेल्या गृहीतावर आहे. मोठ्यांचा त्रास मोठ्यांपाशीच राहतो, तो मुलापर्यंत पोचत नाही, असं आपण धरून चालतो.

माझ्या मुलीकडे बघा. ती चार-पाच वर्षांची असताना शेजारच्या काकूंकडे राहायची. काकूंचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. एका रविवारी आम्ही पायरीवर बसलो होतो. मागून गाडीचा आवाज आला. मुलगी मान न वळवता म्हणाली, ‘ही मालगाडी.’ थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला. ‘ही लांबची, ही थांबत नाही.’ मग तिसऱ्यांदा आवाज आला तशी ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, ही तुझी.’ मी तिच्या शेजारीच बसले होते. संध्याकाळी सहानंतर ती खेळ टाकून पायरीवर येऊन बसते, हे काकूंनी मला त्या दिवशी सांगितलं. समोर मोकळं रान होतं, चिंचेखाली पोरं डबा-ऐसपैस खेळत होती, आणि माझं मूल इंजिनांचे आवाज पाठ करत होतं.

न्यायशास्त्रात हेतूचे, म्हणजे अनुमानासाठी दिलेल्या कारणाचे, दोष सांगितले आहेत. त्यातला पहिला सव्यभिचार. साध्य नसलेल्या ठिकाणीही जो हेतू हजर असतो, त्यानं काहीच सिद्ध होत नाही. ‘मैदान आहे, म्हणून मूल मोकळं वाढेल’ हे अनुमान असं आहे. आमच्या इमारतीत पाच वर्षांखालची नऊ मुलं होती. मैदान प्रत्येकाच्या दारात होतं. पण तीन वर्षांचं पोर एकटं मैदानात सोडता येत नाही. त्याचा हात धरणारं माणूस लागतं. ते माणूस संध्याकाळी साडेसहाला ठाकुर्लीजवळ एका पायावर उभं असतं. मग मूल घरात, टीव्हीसमोर, सांभाळणाऱ्या बाईंच्या किंवा थकलेल्या आजीच्या नजरेखाली. ग्वांगझूच्या प्रयोगातही मैदानाचा तास शाळेनं ठेवला होता आणि मुलांना बाहेर नेणारे शिक्षक होते, हे विसरायला नको. ज्या शाळेला मैदान आहे आणि मुलांना तिथं सोडायची बुद्धी आहे, अशी शाळा परळला असली तरी डोळ्यांचं ते काम होतं.

२६ जुलै २०१९चा शुक्रवार मी विसरू शकत नाही. संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता. मी कल्याणपर्यंत पोचले आणि पुढं गाड्या बंद झाल्या. नवरा त्याच्याही मागं, घाटकोपरला अडकलेला. नेरळला काकूंकडे मुलगी, आणि दुपारपासून तिच्या अंगात ताप. फोन लागेना. लागला तेव्हा काकू म्हणाल्या, ‘तू काळजी नको करू, मी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतेय.’ रात्र फलाटावर काढली. सकाळी कळलं की महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात उभी आहे. पुढं दिवसभरात सुमारे १,०५० प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. सगळा देश ती दृश्यं बघत होता. मी मात्र त्या पाण्याच्या अलीकडे उभी होते आणि माझं मूल पलीकडे होतं. कुणाची चूक म्हणून हे सांगत नाही. उल्हास नदी तिथं शतकानुशतकं आहे, आणि १८५६ साली खोपोलीपर्यंत पोचलेला लोहमार्ग तिच्याच खोऱ्यातून जातो. त्या मार्गापलीकडे मूल ठेवून अलीकडे नोकरी करायची, हे मी ठरवलं होतं.

रोजच्या दिवसातही असे लहान पूर येतच असतात. दुपारी एकला शाळेतून फोन येतो: मुलीनं उलटी केली, घेऊन जा. लालबागला मी वीस मिनिटांत पोचले असते, नाहीतर चाळीतलं कुणीही गेलं असतं. नेरळला पोचायला दोन तास. वर्षातून असे आठ-दहा फोन येतात, लहान मूल असलेल्या कुठल्याही घराला विचारा. त्या फोनसाठी कुणाला तरी जवळ असावंच लागतं. आणि ते ‘कुणीतरी’ कोण, हे आपल्याकडे न सांगताच ठरलेलं असतं.

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं आढळलं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास. त्यावर नोकरीचे नऊ आणि प्रवासाचे चार तास वीस मिनिटं चढवा. झोपेला साडेपाच तास उरतात आणि मुलासाठी काहीच नाही. म्हणून एक दिवस बाई नोकरी सोडते. आमच्या इमारतीत पहिल्या तीन वर्षांत सात बायकांनी सोडली. प्रत्येकीच्या घरी सांगण्याचं कारण एकच, ‘मुलांसाठी’. एक शाळेत शिकवत होती, एक परिचारिका होती, एक विमा कंपनीत वरच्या जागेवर. त्यांच्या नोकरीच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरला होता. दोन पगारांवर घेतलेलं घर एका पगारावर फेडायची वेळ आली, मग नवऱ्यानं जादा पाळी घेतली आणि तो आणखी उशिरा घरी येऊ लागला. ‘स्वस्त घर’ म्हणताना त्यात या सात पगारांची किंमत कुणी मिळवली होती? या बायका घरी बसून सुखी असत्या तर मी शब्द काढला नसता. त्यांच्यापैकी चौघींनी मला कधी ना कधी विचारलं आहे, इकडे जवळपास काही काम आहे का गं?

हवेबद्दल एवढंच की मोकळी हवा आहे, हा हेतू तपासून घ्यावा लागतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्याकडची हवा खरोखर औषध आहे. दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात. वांगणी-नेरळच्या पट्ट्यात त्यांचा धूर सकाळी जमिनीलगत साचतो, आणि भट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांची पोरं त्याच धुरात झोपलेली असतात. त्या विटांनीच आमच्या इमारती बांधल्या. शिवाय गाव म्हणून ज्यात आपण येतो ते गाव राहतं किती दिवस? कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ९७,९४८ होती. २०११ मध्ये १,७४,२२६. पाळण्यातलं मूल घेऊन बदलापूरच्या शेतांशेजारी राहायला आलेल्यांचं मूल चौथी-पाचवीत जाईस्तोवर शेतांच्या जागी पार्किंग झालं. मग तेच लोक म्हणू लागले, आता वांगणीला जावं.

आणि गावात राहूनही आम्ही गावात होतो का? सक्तीच्या शिक्षणाच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत असावी लागते. आमच्याकडे ती होती. जिल्हा परिषदेची, कौलारू, पुढं भलंमोठं अंगण. पण इमारतीतली सगळी मुलं पिवळ्या बसमधून दूरच्या इंग्रजी शाळेत जायची, सकाळी पाऊण तास आणि दुपारी पाऊण तास. म्हणजे आईबापांचा प्रवास कमी होता म्हणून पोरांनाही प्रवास लावला. दूध पिशवीतलं, भाजी डी-मार्टची, मतदार यादीतलं नाव लालबागचं. ग्रामसभेला मी सहाव्या वर्षी पहिल्यांदा गेले. ‘मुलांना गाव मिळावं’ म्हणणाऱ्यांनी गावातल्या एकाही मुलाशी आपल्या मुलाची ओळख होऊ दिली नाही. मीही दिली नव्हती. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

इथं एक जण तावातावानं विचारील: म्हणजे लोकांनी दहा बाय अठरात कुजायचं? मुंबईत घर घ्यायची ऐपत कुणाची आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी टाळणार नाही. ऐपत नाही, हे खरं कारण आहे. तेच सांगा ना! वांगणीत दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरणारी ही माणसं तिथं राहिली, कारण भाडं परवडत होतं. ‘मुलांच्या मोकळ्या वाढीसाठी आलो’ असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लाचारीला लाचारी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारता येतो: असं का झालं, आणि कुणी निस्तरायचं? तिला त्यागाचं नाव दिलं की तो प्रश्नच मिटतो.

हे किती महागात पडू शकतं याचा दाखला ताजा आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बुडाल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले. आता गिरणी कामगारांच्या वारसांना शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरं देण्याची योजना सरकारनं पुढं केली. २०२५च्या जुलैत कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले: घर मुंबईतच पाहिजे. तेव्हा अनेक सुशिक्षितांनी नाकं मुरडली. ‘मोकळी हवा मिळतेय, नवी इमारत मिळतेय, घ्या की!’ ही आमचीच भाषा, आम्हीच प्रतिष्ठित केलेली. आम्ही आमच्या नाइलाजाला आवड म्हणत राहिलो, आणि आज ती आवड दुसऱ्यांवर लादायला युक्तिवाद म्हणून वापरली जाते. लालबाग-परळला धुणीभांडी, वॉचमनकी, डबे, शिवणकाम करणाऱ्या त्या वारसांचं काम शेलूला कोण नेऊन देणार आहे, हे कुणी विचारलं नाही. माझं या वाक्याशी असलेलं भांडण घरगुती होतं; त्या जुलैपासून ते घरगुती राहिलं नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. आता घरून काम होतं, आठवड्यातून एक-दोनदाच ऑफिस, मग प्रवासाचं काय घेऊन बसलात? हा मला मान्य आहे. ज्यांना ती सोय पक्की आहे त्यांचं गणित वेगळं, आणि त्यांनी खुशाल यावं. पण ‘पक्की’ या शब्दावर जोर द्यावा. २०२० साली घरून काम मिळालं म्हणून शेलूला घर घेतलेली आणि मग एका ई-मेलनिशी पाचही दिवस ऑफिसला बोलावली गेलेली दोन कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. मुलाचं बालपण दुसऱ्याच्या ई-मेलवर उभं करू नये.

आता मंडन, कारण नुसतं पाडून ठेवणं मला पटत नाही. २०१९च्या त्या पुराच्या जुलैनंतर महिन्याभरात मी दादरची नोकरी सोडली आणि कर्जतच्या एका पतपेढीत हिशेबाला लागले. पगार एक तृतीयांशानं कमी झाला. गाडीनं वीस-पंचवीस मिनिटं. घरी सव्वासहाला. पहिल्या आठवड्यात मुलगी माझ्याकडे संशयानं बघत होती. आई आजारी आहे का, असं तिनं काकूंना विचारलं. आणि मग जे आम्ही २०१५ साली मिळेल म्हणत होतो, ते चार वर्षांनी मिळायला लागलं. संध्याकाळी थोडा वेळ उजेड असायचा. आम्ही ओढ्यापर्यंत जायचो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात ठाकरवाडीतल्या पोरी लंगडी खेळायच्या. आठवडाभर मुलगी माझा पदर धरून नुसती बघत उभी राहिली, नवव्या दिवशी खेळायला गेली. त्यातली एक पोर पुढं तिची जिवलग मैत्रीण झाली. पावसाच्या पहिल्या सरीनंतर कोणता कुर्डू काढायचा, टाकळ्याचा पाला कुठला कोवळा, हे मुलगी तिच्याकडून शिकली आणि मी मुलीकडून.

नेरळ तेच होतं, मैदान तेच, हवा तीच. बदलली ती माझ्या कामाची जागा. म्हणून तरुण जोडपी सल्ला विचारायला येतात तेव्हा मी त्यांना फ्लॅट बघायच्या आधी दोन गोष्टी विचारते. दोघांपैकी एकाचं तरी काम घरापासून अर्ध्या तासाच्या आत आणता येतं का? आणि दुपारी एकच्या फोनला कोण जाणार, त्याचं नाव सांगा. ‘बघू’, ‘कुणीतरी असेल’ हे उत्तर मी मानत नाही. नाव सांगता आलं, तर गावाइतकी चांगली जागा नाही. गावच्या शाळेत घाला, यादीत नाव नोंदवा, ग्रामसभेला जाऊन टँकरबद्दल भांडा. नाव सांगता येत नसेल, तर कल्याणच्या अलीकडची भाड्याची लहान खोली मुलाला जास्त मोकळी पडेल. ती खोली लहान आहे हे मुलाला कळायला बरीच वर्षं जातात. आई घरात नाही हे त्याला पहिल्याच संध्याकाळी कळतं. सगळ्यांनाच कर्जतला पतपेढी सापडणार नाही, हे मी जाणते. मला सापडली हे माझं नशीब, आणि एक तृतीयांश पगार सोडता आला तो नवऱ्याच्या पगाराच्या आधारानं. तो आजही रात्री साडेआठलाच येतो. आमच्या घरातला अर्धा प्रश्न अजून रुळांवरच आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं आम्हाला अप्रूप आहे ते याचसाठी. पण कुठलाही मार्ग झाला तरी त्यावरून माणसंच रोज हलणार असतील आणि कामं जागची हलणार नसतील, तर त्या मार्गाच्या टोकाला आणखी एक वांगणी उभी राहील.

मुलगी आता तेरा वर्षांची आहे. परवा संध्याकाळी ती दारात मैत्रिणीबरोबर सागरगोटे खेळत होती. मागून गाडी धडधडत गेली. मला जुनी आठवण आली, म्हणून सहज विचारलं, ‘कुठली गेली गं?’

‘गेली का?’ ती म्हणाली, आणि तिनं वर उडवलेला सागरगोटा झेलला.